फहदची दुखणी आणि गाडीचं अलाइनमेंट

५ नोव्हेंबर, मंगळवार

बानूने फर्मान काढलं आहे. जेवणं झाल्यावर फहदच्या खेळाबद्दल तिच्याशी एक शब्दही बोलायचा नाही. जे बोलायचं असेल ते लिहून काढायचं आणि तिला सुखाने झोपू द्यायचं. संसाराच्या इतक्या वर्षांत बायकोने माझ्यावर केलेला हा सर्वांत मोठा अन्याय आहे, म्हणून त्याची नोंद पहिलीच करतो.

मराठीत लिहितोय, कारण मी रत्नागिरीकडे मराठी शाळेत शिकलो. बानू उर्दू शाळेतली. फहद आणि झारा इथे शारजात वाढले. त्यांना मराठी बोललेलं कळतं, लिहिलेलं मराठी मात्र त्यांना दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखं दिसतं. तेव्हा बिनधास्त लिहायला हरकत नाही.

तर मुद्दा. फहद दुबई सिलिकॉन ओएसिसजवळच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहतो आणि अमेरिकन फुटबॉल खेळतो. याला फुटबॉल का म्हणतात हे मला आजवर कळलेलं नाही. चेंडू हातात धरतात, तो धड गोलही नसतो, आणि दर थोड्या वेळाने सगळे थांबून मीटिंग घेतात. फहद क्वार्टरबॅक आहे. म्हणजे चेंडू दरवेळी आधी त्याच्या हातात येतो आणि त्याने तो लांब पळणाऱ्या आपल्या मुलाकडे फेकायचा असतो. तो फेकेपर्यंत समोरच्या टीमची दांडगी मुलं त्याला आडवं करायला धावत येतात. मी सेफ्टी ऑफिसर. विचारलं, यावर काही उपाय? तर म्हणे त्याच्या रक्षणाला त्याचीच पाच मुलं पुढे उभी असतात. हमरियाच्या आमच्या पाइप कंपनीत पाच माणसांच्या भरवशावर मी कुणाला शिडीवरही चढू देत नाही.

दोन वर्षं त्याने बाकावर बसून काढली. आता शनिवारी पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळणार. फेब्रुवारीत लीग संपेल, त्याच्यानंतर कॉलेज, मग नोकरी. म्हणजे हा एवढाच एक मोसम त्याच्या वाट्याला आहे. या मुलाला मनापासून आवडलेली ही एकच गोष्ट मी पाहिली आहे. बाकी सगळं तो आमच्यासाठी करतो.

मॅचला ऑफिसमधल्या मुरलीधरच्या गाडीतून जाणार. आमची गाडी खाली कव्हर घालून उभी आहे. सप्टेंबरमध्ये शारजा-दुबईच्या ३११ नंबरच्या हायवेवर पुढच्या ट्रकचं टायर फुटलं, आमची गाडी गरकन फिरली आणि कठड्याला घासून उलट्या तोंडाने थांबली. मी एकटाच होतो, खरचटलंसुद्धा नाही. गॅरेजवाल्याने आठवड्यात गाडी परत दिली. पण तिचं अलाइनमेंट मला पटत नाही. डावीकडे ओढते. म्हणून सध्या हमरियाला कंपनीच्या बसने जातो. बसमध्ये एसीही चांगला आहे.

९ नोव्हेंबर, शनिवार

फहदचं हाड मोडलं.

नीट लिहितो. मॅच सुरू झाली. फहद हेल्मेट आणि खांद्यावरच्या पॅडमध्ये इतका रुंद दिसत होता की बानूने दुसऱ्याच कुणासाठी दुवा मागितली. पहिला चेंडू फहदने असा फेकला की मुरलीधर उठून उभा राहिला, आणि मुरलीधर राष्ट्रगीताशिवाय कशालाही उठत नाही. दुसराही तसाच. तिसऱ्या वेळी फहद उजवीकडे बघत होता. डावीकडून फ्रिजएवढा एक मुलगा आला. पाचातला जो त्याला अडवणार होता, तो रेयांश, कुठे होता कोण जाणे. आवाज आम्हाला वरपर्यंत ऐकू आला.

डावा कॉलरबोन. तडा गेलाय. डॉक्टर म्हणाले सहा ते आठ आठवडे. फेकायचा हात उजवा आहे, तो शाबूत आहे, जानेवारीत खेळता येईल. बानू रडत होती. मी रडलो नाही. मी नर्सकडे अपघाताचा फॉर्म मागितला आणि साक्षीदारांची नावं लिहायला घेतली, तेव्हा झाराने माझ्या हातातून पेन काढून घेतलं. झारा दहावीत आहे आणि घरातली सगळ्यात वडीलधारी तीच आहे.

१३ नोव्हेंबर, बुधवार

फहद हॉस्टेलवरून घरी आला आहे. डावा हात झोळीत, उजव्या हातात मोबाइल, तोंडात बानूने भरवलेला घास. आज मी त्याला समोर बसवून चौकशी केली. आमच्या कामात एक पद्धत आहे. अपघात झाला की पाच वेळा 'का' विचारायचं. वरवरच्या उत्तरावर थांबायचं नाही, पाचव्या 'का'ला खरं कारण हाती लागतं. का पडलास? धक्का बसला. का बसला? रेयांश वेळेवर आला नाही. का आला नाही? त्याचा पाय सरकला. का सरकला? बुटाखालचे खिळे झिजलेले. का झिजले? त्याचे वडील नवीन घेऊन देत नाहीत.

अशा रीतीने रेयांशचे वडील दोषी ठरले. मी त्यांना फोन करून बोलणार होतो, पण फहद म्हणाला, "अब्बा, प्लीज." मग सोडून दिलं.

२४ डिसेंबर, मंगळवार

मधले दिवस पाया सूप, नाचणीची भाकरी आणि सुक्या मासळीत गेले. हाड जुळलं. आज डॉक्टरांनी हात वर-खाली करून पाहिला आणि जानेवारीपासून खेळायला परवानगी दिली. मी डॉक्टरांचा हात दोन्ही हातांनी दाबला. फहदने विचारलं, आणखी थोडे दिवस थांबणं बरं नाही का? डॉक्टर म्हणाले गरज नाही. त्याने तीन वेळा तेच विचारलं. मुलगा किती जबाबदार झालाय हे पाहून बरं वाटलं.

येताना टॅक्सी केली. आता प्रश्न अलाइनमेंटचा नाही, ते गॅरेजवाल्याने पुन्हा तपासून दिलं. पण या दिवसांत सकाळी धुकं फार असतं.

(डॉक्टरांची वेळ दुपारी चारची होती. पण हिवाळ्यात धुक्याचा भरवसा नाही.)

८ जानेवारी, बुधवार

फहद परवा सरावाला गेला आणि काल घरी परत आला. घोटा मुरगळला. मैदानात नाही, हॉस्टेलच्या लिफ्टमधून बाहेर पडताना. मी पाहिला. सूज नाही. आतल्या आत असते कधी कधी, तीच जास्त वाईट. आंबेहळद उगाळून लेप घातला.

संध्याकाळी त्याने सरावाचा व्हिडिओ दाखवला. एक गोष्ट माझ्या लक्षात आली. चेंडू हातात येण्याआधीच तो डावीकडे बघतो. चेंडू आला की पुन्हा डावीकडे. समोर त्याचा मुलगा हात वर करून पळतोय आणि हा डावीकडे. मी त्याची पाठ थोपटली. म्हटलं, याला म्हणतात सावधपणा, एका अपघातातून माणसाने असं शिकायला हवं. व्हिडिओ बंद करून आत गेला. स्तुतीने लाजतो, लहानपणापासून.

म्हणजे ११ जानेवारीची मॅच हातची गेली.

१६ जानेवारी, गुरुवार

फहद मंगळवारी डाव्या पायाने लंगडत होता. आज उजव्या पायाने लंगडतोय. झारा जेवताना म्हणाली, "ही इज लिंपिंग ऑन द राँग लेग." मी तिला समजावलं की एका पायावर भार आला की दुसरा दुखायला लागतो, शरीर ओझं वाटून घेतं. तिने माझ्याकडे आणि फहदकडे आळीपाळीने पाहिलं आणि आमटी वाढून घेतली.

बानू मूग गिळून गप्प आहे. तिला मुलगा घरात असला की दुसरं काही नको असतं.

२३ जानेवारी, गुरुवार

आज जे झालं त्यात माझी चूक नाही, हे आधीच लिहून ठेवतो.

घोटा बरा झाला तर शनिवारच्या मॅचच्या तोंडावर फहदची दोन्ही मनगटं धरली. दोन्ही एकदम. मी गावाहून आणवलेली चांगली आंबेहळद होती, ती कोपरापर्यंत चोपडली आणि वरून पट्ट्या बांधल्या. सकाळी तो सरावाला गेला. तिथे पट्ट्या काढल्या. हात, बोटं, नखं, सगळं पिवळंधम्मक. घाम पुसताना तेच हात गालाला लागलेले. टीमच्या फिजिओने पाहिलं मात्र, त्याला बाजूला बसवलं, बाकीच्यांपासून त्याची पाण्याची बाटली वेगळी केली आणि कोच यहयाला बोलावलं. कोच अम्मानचा, शिकला अमेरिकेत. त्याला कावीळ माहीत आहे, आंबेहळद माहीत नाही. फहदला सरळ रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट सोमवारी. तोवर मैदानात पाऊल टाकायचं नाही.

मी कोचला फोन करून सांगितलं की ही हळद आहे. तो म्हणाला, सर, जेवणातली हळद मी रोज खातो, मी पिवळा होत नाही. मी म्हटलं ही खायची नाही, लावायची. तो म्हणाला, इन्शाल्ला, रिपोर्टमध्ये कळेल.

मला वाटलं फहद चिडेल. तशी माझी तयारी होती. पण त्याने बातमी फार धीराने घेतली. संध्याकाळी झाराबरोबर गाणीसुद्धा म्हणत होता. कित्येक आठवड्यांनी त्याला हसताना पाहिलं.

२७ जानेवारी, सोमवार

रक्त उत्तम आहे. हिमोग्लोबिन तर माझ्यापेक्षा चांगलं. फहदच्या जागी खेळणारा दुसऱ्या वर्षाचा मुलगा कसाबसा मॅच जिंकवून गेला, म्हणजे टीम अजून शर्यतीत आहे. फायनलला पोहोचले तर २२ फेब्रुवारी.

मी पुन्हा पाच 'का' घेऊन बसलो. घोटा, मनगटं, मधे दोन दिवस पोट. पाचव्या 'का'ला उत्तर आलं: नजर. कुणाची? गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मीच फहदचा हेल्मेटमधला फोटो टाकला होता आणि खाली 'कॅप्टन' लिहिलं होतं. तो कॅप्टन नाही, पण माझं बोट तिकडे गेलं. ग्रुपमध्ये एकशे ऐंशी माणसं आहेत. बानूने मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या. स्वयंपाकघरातला धुराचा अलार्म वाजला आणि वॉचमन वर आला. सेफ्टी ऑफिसरच्या घरी.

८ फेब्रुवारी, शनिवार

टीम फायनलला गेली. फहदशिवाय. तो मॅचला गेला होता, पण बाकावर बसला. मानेत उसण भरली म्हणाला. त्याला घेऊन यायला मी कारलिफ्टवाल्याला, म्हणजे पैसे घेऊन लोकांची ने-आण करणाऱ्याला, पाठवलं. मी स्वतः गेलो असतो, पण शनिवारी ३११वर ट्रक फार असतात.

(ट्रक शनिवारी कमी असतात. हे मुरलीधर म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.)

आल्यावर फहद बराच वेळ गॅलरीत उभा होता. मी बाजूला जाऊन उभा राहिलो. त्याने विचारलं, त्याच्या जागचा मुलगा चांगला खेळला ना? मी म्हटलं ठीक होता. तो म्हणाला, "नाही अब्बा, चांगला खेळला. घाबरत नाही तो." आणि त्याने तोंड रस्त्याकडे फिरवलं. मी त्याला मानेला शेक घेतोस का विचारलं. माझा मुलगा दुःखी आहे. हे मला कळतं. का, ते कळत नाही, आणि कारण शोधणं हेच तर माझं काम आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कोच यहया घरी आला. बानूने कोळंबीचा पुलाव केला. माणूस जेवला मन लावून, हात धुतले आणि मुद्द्यावर आला. फहद आत होता. कोच म्हणाला की डॉक्टरांनी मुलगा पूर्ण बरा असल्याचं लिहून दिलंय. त्याचा हात टीममध्ये सगळ्यांत चांगला आहे. २२ तारखेला सकाळी सातपर्यंत तो मैदानावर आला तर तो खेळेल, नाही आला तर दुसरा मुलगा खेळेल. राग नाही, पण त्यानंतर खलास, मोसम संपला.

मग त्याने आवाज खाली करून विचारलं, "सर, इज ही स्केअर्ड?"

मला झोंबलं. मी त्याला सांगितलं की आमच्या खानदानात भीती नावाची चीज नाही. माझे आजोबा उधाणात मचवा घेऊन समुद्रात जात. मी स्वतः सतरा वर्षं क्रेनखाली काम करतोय. कोचने मान डोलावली. म्हणाला, जो धक्का दिसतो तो लागत नाही, जो न दिसता येतो त्याच्यानंतर माणूस सगळीकडे त्यालाच शोधत बसतो. त्याला स्वतःलाही म्हणे असं झालं होतं, कॉलेजात. मी म्हटलं असेल, अमेरिकेत होत असेल. २२ तारखेला मी मुलाला स्वतः घेऊन येतो.

बोलून गेलो. दरवाजा लावल्यावर झाराने विचारलं, "हाऊ?"

१५ फेब्रुवारी, शनिवार

मुरलीधर भाचीच्या लग्नाला साताऱ्याला चालला आहे, पंधरा दिवस. कारलिफ्टवाला म्हणतो शनिवारी पहाटे जमणार नाही. हे मी जेवताना सांगितलं. झाराने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "अब्बा, लेट्स डू युअर फाइव्ह व्हाइज." मला कौतुक वाटलं. मुलांनी आपली पद्धत उचलली की बापाला आनंद होतो.

तिने विचारलं, आपली गाडी का नेत नाही? मी म्हटलं हायवेला न्यावी लागेल म्हणून. हायवेला का नेत नाही? अलाइनमेंट. ते दुरुस्त झालं ना? झालं, पण ट्रक. शनिवारी ट्रक नसतात, मग का? मी म्हटलं सकाळचं ऊन डोळ्यांवर येतं. शारजातून दुबईकडे जाताना ऊन डावीकडून येतं, असं तिने मोबाइलवर नकाशा काढून दाखवलं. मग तिने पाचवा 'का' विचारला. चांगल्या आवाजात, हळू विचारला.

मी पाणी प्यायला उठलो.

फहद आधी हसत होता. नंतर हसायचा थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. बानूने झाराला अभ्यासाला पिटाळलं. या पोरीला फार शेफारून ठेवलंय. उद्यापासून तिचा मोबाइल बंद.

१६ फेब्रुवारी, रविवार

मोबाइल सुरू आहे. झोप नीट लागली नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

संध्याकाळ आहे. सगळं एका दमात लिहितो, नाहीतर उद्या मी ते माझ्या बाजूने लिहीन.

पहाटे फज्रच्या नमाजानंतर फहद जर्सी घालून सोफ्यावर बसला होता. बॅग पायाशी. म्हणाला पाठ धरली आहे. मी विचारलं कुठे, तर त्याने कमरेकडे हात नेला, मग वर नेला, आणि हात तसाच मांडीवर ठेवला. त्याला दुखण्याची जागासुद्धा ठरवता येईना. मी त्याच्यासमोर बसलो. मला म्हणायचं होतं, बेटा, शेक घे. तोंडात आलं ते असं, की आज गाडीचं अलाइनमेंट जरा… आणि मीच थांबलो. तो माझ्याकडे बघत होता. खोटं बोलणारी दोन माणसं समोरासमोर बसली की एकमेकांचं खोटं फार स्पष्ट ऐकू येतं. मला ते आज, या वयात कळलं.

बानू टॅक्सीला फोन लावत होती. टॅक्सी मिळालीही असती. मी म्हटलं राहू दे, आणि गाडीची किल्ली घेऊन खाली गेलो. कव्हर काढताना इतकी धूळ उडाली की दोन शेजारी बघायला आले.

सगळे बसले. फहद पुढे, बानू आणि झारा मागे, बानूच्या मांडीवर जेवणाचा डबा, जसं काही आम्ही ओमानला, सलालाहच्या सहलीला निघालोय. गल्ल्यांतून मी मजेत चालवली. सिग्नलला सीटबेल्टबद्दल चार शब्दही सुनावले. मग ३११चा चढ आला, गाडी हायवेला लागली, आणि माझे हात ओले झाले. स्टिअरिंग निसटतंय असं वाटायला लागलं. एक ट्रक होता, लांब, खूप लांब पुढे. मला त्याच्या प्रत्येक टायरचा आवाज येत होता. मी उजव्या लेनमध्ये साठवर आलो, मग पन्नासवर. मागची गाडी हॉर्न देत बाजूने गेली. मी बाजूच्या पट्टीवर गाडी घेतली, इंडिकेटर लावले आणि थांबलो. बानूने मागून 'या अल्लाह' म्हटलं, अगदी हळू.

फहद म्हणाला, "अब्बा, तुमचे हात शेक होतायत."

मी म्हटलं, "हो. घाबरलोय मी. सप्टेंबरपासून घाबरलोय. गाडीला काही झालेलं नाही."

गाड्या सूं सूं करत जात होत्या आणि दरवेळी आमची गाडी जरा हलायची. फहद समोरच्या काचेतून बाहेर बघत होता. त्याची हनुवटी थरथरायला लागली. तो पाच-सहा वर्षांचा असताना अशीच थरथरायची, रडू दाबताना.

"माझी पाठ दुखत नाहीये," तो म्हणाला. "काहीच दुखत नाहीये, अब्बा. बॉल हातात आला की तो आवाज येतो. आय कान्ट सी एनीथिंग एल्स."

मी त्याचा हात धरला. आमच्या दोघांचेही हात ओले होते. मला खूप वाईट वाटलं. साडेतीन महिने हा मुलगा एकटा घाबरत होता आणि मी त्याला हळद लावत होतो. मला त्याला धीर द्यायचा होता, पण माझ्याकडेच तो नव्हता, तर देऊ कुठून. म्हणून जे खरं होतं तेच म्हटलं. "बेटा, परत जायचं तरी पुढचा एक्झिट येईपर्यंत गाडी चालवावीच लागेल."

तो ओल्या डोळ्यांनी हसला. मग म्हणाला, "मग यल्ला, निघू या. तुम्ही चालवा, मी ट्रक बघतो. जवळ आला की सांगतो."

आणि त्याने खरोखरच तसं केलं. तिथून मैदानापर्यंत तो बोलत होता. अब्बा, उजवीकडे एक येतोय, अजून लांब आहे. गेला. आता डावीकडे व्हॅन, ती आपल्या लेनमध्ये येणार नाही. आता रस्ता मोकळा आहे. मी कुठेच शोधत बसलो नाही, फक्त समोर बघून चालवली. पुढचा एक्झिट आला, गेला. कुणी त्याचं नाव काढलं नाही. सात वाजून गेले होते, पण कोच यहया गेटवरच उभा होता आणि त्याने घड्याळाकडे पाहिलंच नाही.

मॅचच्या आधी फहद रेयांशशी काहीतरी बोलत होता. मला दिसत होतं की तो त्याला डावीकडची बाजू दाखवतोय. नंतर कळलं, त्याने रेयांशला सांगितलं होतं की मला डाव्या बाजूची भीती वाटते, तिकडून कुणी आला तर ओरड, मी तिकडे बघणार नाही. रेयांश मॅचभर असा काही ओरडत होता की रेफरीने त्याला दोनदा समज दिली.

पहिला चेंडू फहदच्या हातून निसटला. दुसरा त्याने घाईत कुणीच नव्हतं तिकडे फेकला. तिसऱ्या वेळी फ्रिजएवढाच एक मुलगा आला आणि त्याने फहदला आडवं केलं. बानूने माझा दंड धरला, त्याच्या खुणा अजून आहेत. फहद पडून राहिला. मी उठलो, मग बसलो, मग पुन्हा उठलो. तो उठला. अंगावरचं गवत झटकलं आणि त्या फ्रिजला काहीतरी म्हणाला, तर तो हसायला लागला. त्यानंतर माझा मुलगा खेळला. लिहिताना हात थांबतोय. तो फार सुंदर खेळला. चेंडू त्याच्या हातून असा सुटायचा की आधी पळणाऱ्या मुलालाच कळायचं नाही की तो आपल्यासाठी आहे.

टीम हरली, तीन गुणांनी. शेवटच्या मिनिटाला त्यांच्या मुलाने लाथ मारून चेंडू खांबांमधून घालवला. म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये पायाचा खरा उपयोग एकदाच झाला आणि आम्ही त्यातच हरलो. मी अपील करणार होतो, झाराने बसवलं.

फहद कुंपणापाशी आला तेव्हा घामाने निथळत होता आणि उजव्या हाताचं मधलं बोट वर धरून होता. मी चपापलो. पण ते बोट सुजलं होतं. खरं सुजलं होतं, वांग्यासारखं, जांभळं. शेवटच्या आधीच्या चेंडूला कुणाच्या तरी हेल्मेटवर आपटलं म्हणाला. "बघा ना अब्बा, किती सुजलंय." बानूने हात लावून पाहिला. झाराने लावला, तिने फोटो काढला. मी लावला तेव्हा तो "आई गं" करून ओरडला आणि आम्ही चौघं हसत सुटलो. हरलेल्या टीमचे बाकीचे पालक आमच्याकडे बघत होते. त्यांना कुठून कळणार. फिजिओने पट्टी बांधली आणि माझ्याकडे बघून निक्षून सांगितलं की याला घरी काहीही लावायचं नाही.

परत येताना ऊन चढलं होतं, ट्रक होते, सगळंच होतं. मी ऐंशीने चाललो होतो. फहद पुढे बसून सांगायला लागला, उजवीकडे एक, अब्बा, लांब आहे, डावीकडे काही नाही. मग त्याचं बोलणं सावकाश व्हायला लागलं. अल वरका मागे पडलं तेव्हा त्याने एक ट्रक सांगितलाच नाही. मी मान न वळवता विचारलं, अरे, हा बाजूचा? उत्तर आलं नाही. बानू मागून म्हणाली, "झोपला तो."

त्याचं डोकं खिडकीला टेकलं होतं, पट्टी बांधलेला हात मांडीवर उताणा पडला होता. ज्याला पडण्याचा आवाज ऐकू येतो, तो मुलगा हायवेवर, माझ्यासारख्या घाबरट ड्रायव्हरशेजारी, तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. मी ट्रक जाऊ दिला. मग दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून घरापर्यंत गाडी चालवली, एकट्याने, कुठेही न थांबता.